फोर-स्ट्रोक आउटबोर्डला ऑइल कोणते? उत्तर डब्यावरच्या अक्षरांत

मे महिना संपत आला की मालवण, देवबाग, तारकर्लीच्या किनाऱ्यावर एक ठराविक दृश्य दिसू लागते. पर्यटकांची गर्दी ओसरते, होड्या एकेक करून वाळूवर ओढल्या जातात, त्यांच्यावर झापांचे किंवा ताडपत्रीचे आच्छादन पडते. होडीच्या मागच्या फळीला अडकवलेले आउटबोर्ड इंजिन सोडवून घरच्या पडवीत आणून ठेवले जाते. पावसाळा सरेपर्यंत त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. नारळी पौर्णिमेच्या सुमारास झाकण निघते, ऑइल बदलले जाते आणि इंजिन पुन्हा समुद्रावर जाते. यात ऑइल बदलण्याची वेळ चुकलेली असते, आणि पुष्कळदा ऑइलही.

फोर-स्ट्रोक आउटबोर्डची किंमत आज लाखांच्या घरात आहे. पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या किंवा स्नॉर्केलिंगला नेणाऱ्या छोट्या व्यावसायिकासाठी ही होडीइतकीच, किंबहुना कधी होडीहूनही मोठी गुंतवणूक असते. त्या तुलनेत इंजिनात मावणारे ऑइल अगदी थोडे. दहा अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनात साधारण एक लिटर, चाळीस ते साठ अश्वशक्तीच्या इंजिनात दीड ते तीन लिटर. एवढ्याशा ऑइलच्या निवडीत शे-दोनशे रुपये वाचवण्याचा मोह होतो आणि त्याचा हिशेब भर समुद्रात चुकता करावा लागतो. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती कडेला लावून मेकॅनिकला बोलावता येते. खाडीच्या मुखाशी, ओहोटीच्या ओढीत, होडीत बायकामुले बसलेली असताना इंजिन अडकले तर कडेला लावण्याची सोय नसते.

हा गोंधळ होण्यामागे थोडा इतिहास आहे. आउटबोर्ड इंजिने अनेक दशके प्रामुख्याने टू-स्ट्रोकच होती. हलकी, स्वस्त आणि किनाऱ्यावरच्या कोणाही कसबी माणसाला उघडता येतील अशी. होंडाने १९६४ मध्ये फोर-स्ट्रोक आउटबोर्ड बाजारात आणले, तरी टू-स्ट्रोकची सद्दी पुढेही बराच काळ टिकली. मात्र जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोकमधून न जळलेल्या इंधनाचा मोठा हिस्सा धुराबरोबर थेट पाण्यात जात असे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये त्यावर नियम केले आणि ते १९९८ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने लागू झाले. जगभरच्या उत्पादकांचा कल फोर-स्ट्रोककडे वळला तो तेव्हापासून. १९०९ पासूनची परंपरा सांगणाऱ्या एव्हिनरूड या नाममुद्रेच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डचे उत्पादनही २०२० मध्ये थांबले.

शहरी वाचकांनी हाच बदल रस्त्यावर पाहिला आहे. स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना पंपावर ‘टू-टी’ ऑइलचे माप ओतून घेण्याची सवय एके काळी घराघरांत होती. फोर-स्ट्रोक दुचाकी आल्या आणि ऑइल पेट्रोलच्या टाकीतून इंजिनाच्या पोटात गेले. किनाऱ्यावर हे स्थित्यंतर उशिरा आले आणि ते अजून पुरते झालेले नाही. एकाच धक्क्यावर टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक शेजारी शेजारी लागलेली असतात, दोन्हींची ऑइले एकाच पडवीत, एकाच फळीवर ठेवलेली असतात.

एक ‘डब्ल्यू’ विसरला तर

टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाते. त्यामुळे ते जळताना राख मागे राहू नये, अशा बेताने बनवलेले असते. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल जळणे अपेक्षितच नसते. ते तळाच्या साठवणीत राहते, पंपाने वर चढते, बेअरिंगांना आणि पिस्टनच्या भिंतींना न्हाऊ घालून पुन्हा खाली येते. महिनोन्‌महिने तेच ऑइल फिरते. काजळी पोटात घेणे, जळणातून तयार होणारे आम्ल निष्प्रभ करणे, धातूवर पातळ थर टिकवून धरणे ही कामे त्याला करावी लागतात. टू-स्ट्रोकच्या ऑइलकडून ती होत नाहीत. दोन्ही डब्यांवर होडीचे चित्र असले तरी आतला माल सर्वस्वी भिन्न आहे.

हा फरक सांगणारी अक्षरे डब्यावर असतात. पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीच्या ऑइलवर ‘टीसी-डब्ल्यू ३’ असे लिहिलेले असते. ‘एफसी-डब्ल्यू’ ही खूण पाण्याने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनासाठीच्या ऑइलची. ‘टी’ म्हणजे टू, ‘एफ’ म्हणजे फोर, ‘सी’ म्हणजे सायकल आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे वॉटर-कूल्ड. दोन्ही मानके अमेरिकेतील नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन या नौकाउद्योगाच्या संघटनेची आहेत. मान्यता मिळालेल्या ऑइलला नोंदणी क्रमांक मिळतो आणि संघटना त्यांची यादी प्रसिद्ध करते.

इथपर्यंत सरळ आहे. खरी मेख पुढे आहे. जपानी मानकांनुसार ‘एफबी’, ‘एफसी’, ‘एफडी’ या टू-स्ट्रोक ऑइलच्या श्रेणी आहेत आणि आपल्याकडे मिळणाऱ्या ‘टू-टी’ ऑइलच्या बाटल्यांवर ‘जासो एफसी’ असे छापलेले सर्रास आढळते. म्हणजे एका मानकातील ‘एफसी’ हे टू-स्ट्रोकचे ऑइल आणि दुसऱ्यातील ‘एफसी-डब्ल्यू’ हे फोर-स्ट्रोकचे. तालुक्याच्या गावातल्या दुकानात ‘एफसी ऑइल द्या’ म्हणून मुलाला पाठवले, तर तो स्कूटरचे ‘टू-टी’ घेऊन येणे सहज शक्य आहे आणि दुकानदाराचीही त्यात चूक म्हणता येणार नाही. तोंडी निरोप देण्याऐवजी कागदावर पूर्ण अक्षरे लिहून देणे किंवा रिकामा डबाच नमुन्यादाखल सोबत पाठवणे बरे.

मोटारगाडीचे ऑइल चालेल का?

धक्क्यावर सर्वाधिक वाद होतो तो या प्रश्नावर. पेट्रोलवर चालणारे फोर-स्ट्रोक इंजिन ते फोर-स्ट्रोक इंजिन, मग जमिनीवरचे ऑइल पाण्यात का चालू नये, हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. कामाचे स्वरूप पाहिले की तो सैल पडतो.

मोटारगाडी सपाट रस्त्यावर धावते तेव्हा तिचे इंजिन निम्म्याहून कमी ताकद वापरते, उतारावर तर विसावतेच. होडीला उतार नसतो. पाणी सतत मागे खेचत असते आणि पंखा थांबला की होडी थोड्याच अंतरात मंदावते. वेगात जाणारे आउटबोर्ड मिनिटाला पाच ते सहा हजार फेरे घेत तासन्‌तास पूर्ण जोराने चालते. आंबोलीचा घाट खालच्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून, दिवसभर चढत राहावे असेच हे काम आहे. दोन आकडे असलेल्या मल्टिग्रेड ऑइलचा दाटपणा गरम झाल्यावरही टिकावा म्हणून त्यात लांब साखळीचे रेणू मिसळलेले असतात. सततच्या दाबाखाली लांब शेवयांचा चुरा व्हावा तशा या साखळ्या तुटतात आणि चाळीस क्रमांकाचे ऑइल हळूहळू तिसासारखे वागू लागते. एफसी-डब्ल्यू मानकात हा दाटपणा टिकून राहतो का, याची कसोटी आहे.

दुसरी बाजू नेमकी याच्या उलट आहे. पर्यटकांना किनाऱ्यालगत फिरवताना किंवा जाळे टाकताना हेच इंजिन तासन्‌तास मंद गतीने चालते आणि तेव्हा ते पुरेसे तापतच नाही. मोटारगाडीचे इंजिन ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले राहते. आउटबोर्ड समुद्राचे पाणी थेट आत घेऊन थंड होते. खारे पाणी फार तापू दिले तर पाण्याच्या वाटांमध्ये क्षार साचतात, म्हणून अनेक आउटबोर्डमधील थर्मोस्टॅट ५० ते ६० अंशांच्या आसपासच उघडतो. अशा कोमट इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवेतली आर्द्रता भिंतींवर जमते, ऑइलमध्ये उतरते आणि तिथेच राहते. ती उडून जाण्याइतकी उष्णता मिळत नाही. त्यात इंजिन श्वास घेते ती खारी हवा. ऑइलमध्ये गंजरोधक घटक भरपूर असावेत, ही गरज इथून येते. एफसी-डब्ल्यूच्या चाचण्यांमध्ये गंजाची कसोटी आहे, ऑइलमध्ये पाणी मिसळल्यास फिल्टर तुंबतो का हे पाहणारी कसोटीही आहे. मोटारगाडीच्या ऑइलला या परीक्षेला बसावे लागत नाही.

तिसरी गोष्ट नव्या गाड्यांच्या ऑइलची. धुरांड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून गाड्यांच्या पातळ श्रेणींतील ऑइलमध्ये झीज रोखणाऱ्या फॉस्फरसचे प्रमाण २००४ च्या मानकापासून ०.०८ टक्क्यापर्यंत मर्यादित करण्यात आले. इंधन वाचावे म्हणून ऑइलही अधिकाधिक पातळ होत गेले. बहुतेक आउटबोर्डना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो आणि पूर्ण जोराने चालणाऱ्या इंजिनाला इतके पातळ ऑइल मानवतही नाही. शहरातून येताना घरच्या गाडीचे उरलेले ‘शून्य डब्ल्यू-२०’ सोबत आणून फार्म हाऊसवरच्या होडीत ओतणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे. दुचाकीचे ‘फोर-टी’ ऑइल तर आणखी वेगळ्या गरजेतून घडलेले. दुचाकीचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरू नये याचा त्यात विचार असतो, मिठाचा नसतो.

अर्थात, मोटारगाडीचे ऑइल घातले की आउटबोर्ड दुसऱ्या दिवशी मोडून पडते, असा बाऊ करण्याचेही कारण नाही. काही कंपन्यांच्या माहितीपुस्तिका पेट्रोल गाड्यांसाठीच्या ‘एपीआय’ श्रेणीतील ऑइलला स्पष्ट परवानगी देतात. एफसी-डब्ल्यू न मिळाल्यास पर्याय म्हणून या श्रेणी सांगणाऱ्या पुस्तिकाही आहेत. निर्णायक शब्द पुस्तिकेचा. ती होडीतल्या फळीखाली भिजून गेली असेल तर कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून पुन्हा मिळवता येते. पुस्तिकेत एफसी-डब्ल्यू मागितले असेल आणि ते दुकानात उपलब्ध असेल, तर खाऱ्या पाण्यातल्या इंजिनासाठी दुसरे काही शोधण्यात अर्थ नाही. ट्रॉलरच्या डिझेल इंजिनासाठी धक्क्यावर ठेवलेल्या पिंपातून मापभर ‘१५ डब्ल्यू-४०’ काढून घेण्याची पद्धत तर पुस्तिकेत तसे लिहिल्याशिवाय अवलंबूच नये.

आकड्यांचा अर्थ

एफसी-डब्ल्यू ही झाली जात. त्यानंतर दाटपणाचा आकडा. ‘१० डब्ल्यू-३०’, ‘१० डब्ल्यू-४०’, ‘२५ डब्ल्यू-४०’ असे तो लिहितात आणि इथला ‘डब्ल्यू’ पाण्याचा नव्हे, विंटरचा! पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो. तो जितका लहान, तितके थंडीत इंजिन सुरू करणे सोपे. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहते त्याचा. कॅनडातल्या सरोवरावर वसंताच्या सुरुवातीला होडी काढणाऱ्यासाठी पहिला आकडा महत्त्वाचा. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पहाटेही हवा उबदारच असते, त्यामुळे इथे दुसऱ्याकडे पाहायचे. मर्क्युरी कंपनीचे ‘२५ डब्ल्यू-४०’ साधारण चार अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानासाठी आहे. आपल्याकडे ही अट आपोआप पाळली जाते.

यावरून ‘जितके दाट, तितके चांगले’ असा निष्कर्ष मात्र काढू नये. काही जुन्या मेकॅनिक मंडळींना ‘२० डब्ल्यू-५०’चे भारी प्रेम असते. दाट ऑइल इंजिन सुरू होताना बारीक वाटांमधून उशिरा पोहोचते आणि नेमकी तेव्हाच झीज होते. नव्या इंजिनांमध्ये झडपांची वेळ ऑइलच्या दाबावर बदलणारी यंत्रणा असते, तिचे गणितही पुस्तिकेतल्या दाटपणावर बसवलेले असते. पुस्तिकेत तापमानाचा तक्ता असतो, त्यातला उष्ण हवामानाचा रकाना पाहावा आणि तिथेच थांबावे. सिंथेटिक की साधे, हा प्रश्न त्यानंतरचा. सिंथेटिक उष्णतेत अधिक टिकते, पण ते घातले म्हणून ऑइल बदलण्याची मुदत वाढत नाही; ऑइलमध्ये उतरणारे पेट्रोल आणि पाणी दोन्हींत सारखेच उतरते.

आउटबोर्डच्या तळाशी, पंख्याजवळच्या गिअरपेटीत जाणारे ऑइल पूर्णतः वेगळे असते. ते गिअर ऑइल. इंजिनाचे ऑइल तिथे चालत नाही, तिथले इथे चालत नाही.

ऑइल वाढते तेव्हा

ऑइल कमी झाले तर सर्वांनाच चिंता वाटते. वाढले तर बहुतेकांना आनंद होतो. तो अनाठायी आहे. पातळी मोजण्याच्या पट्टीवर ऑइल आपोआप वर सरकू लागले तर त्यात पेट्रोल किंवा पाणी मिसळत आहे, असे समजावे. पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन दीर्घकाळ मंद चालत असावे किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असावा. पातळ झालेले ऑइल पूर्ण जोराच्या वेळी बेअरिंगांना वाचवू शकत नाही. दुधाळ, चहासारखे दिसणारे ऑइल म्हणजे पाणी शिरले. तशा अवस्थेत इंजिन चालवूच नये. काळ्या रंगाला मात्र घाबरू नये, काजळी पोटात घेतल्याची ती खूण आहे.

मोजण्यातही चुका होतात. आउटबोर्डचा क्रँकशाफ्ट उभा असतो आणि इंजिन कललेले असले तर पट्टी खोटे सांगते. ते सरळ उभे करून, बंद केल्यावर काही मिनिटांनी मोजायचे. कललेल्या अवस्थेत ‘कमी दिसले’ म्हणून पाव लिटर जादा ओतले जाते, मग फेस होतो, ऑइल हवेच्या वाटेने वर जाऊन जळू लागते आणि इंजिन धूर टाकते. दोष मग ऑइलच्या कंपनीला दिला जातो.

मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर होड्यांची मोडतोड झाली. अशा प्रसंगी पाण्यात बुडालेले इंजिन बाहेर काढून ‘वाळल्यावर बघू’ म्हणून ठेवले जाते. बाहेर आल्याबरोबर हवेतला प्राणवायू आणि मीठ मिळून गंज धरू लागतो. बुडालेल्या इंजिनातले ऑइल त्याच दिवशी काढून, पाणी निथळवून, नवे भरून जाणकाराच्या हाती द्यावे लागते.

शंभर तासांचा हिशेब

बहुतेक पुस्तिका सांगतात की नव्या इंजिनाचे पहिले ऑइल सुमारे २० तासांनी बदलावे आणि त्यानंतर दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा. काही कंपन्या वर्षाऐवजी सहा महिने सांगतात. यातले ‘वर्षातून एकदा’ तेवढे लोकांच्या लक्षात राहते. हे शब्द सुट्टीच्या दिवशी मासे पकडायला जाणाऱ्या हौशी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत, त्याचे वर्षभरात शंभर तास होतही नाहीत. पर्यटन व्यवसायातली होडी हंगामात रोज पाच तास चालली तर शंभर तास वीस दिवसांत भरतात. दिवाळी आणि नाताळच्या गर्दीत त्याहूनही लवकर. म्हणजे हंगामभर जवळजवळ दर महिन्याला ऑइल बदलणे भाग आहे. वर्षातून एकदाच बदलणारा मालक उत्तम प्रतीचे ऑइल घेत असला, तरी इंजिनाला त्याचा उपयोग आठ-दहापट ताणून करायला लावतो. त्याऐवजी पुस्तिकेला मान्य असलेले साधे ऑइल वेळेवर बदलणारा माणूस अधिक शहाणा ठरतो. तास मोजणारे मीटर नसेल तर फेऱ्यांच्या वहीत एक रकाना वाढवला तरी पुरते. ऑइलबरोबर फिल्टर कधी बदलायचा, तेही पुस्तिकेत दिलेले असते.

पावसाळ्याआधी की नंतर?

पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, जलपर्यटनही मेअखेरीपासून पावसाळाभर थांबते. तीन महिने इंजिन पडवीत. आता आत काय असते ते पाहावे. हंगामभर वापरलेले ऑइल, त्यात विरघळलेले आम्ल, थोडे पेट्रोल, थोडे पाणी आणि मीठ. कोकणातल्या पावसाळी हवेत हे मिश्रण बेअरिंगांवर आणि सिलिंडरच्या भिंतींवर बसून राहते. गंजरोधक घटक संपत आलेले असतात. ऑगस्टमध्ये नवे ऑइल घालून जे वाचवायचे, त्याची हानी जूनमध्येच सुरू झालेली असते.

म्हणून जुने ऑइल काढायचे ते इंजिन ठेवण्यापूर्वी. गोड्या पाण्याच्या पिंपात किंवा नळी जोडून इंजिन चालवले की पाण्याच्या वाटांमधले मीठ धुऊन निघते आणि ऑइलही गरम होऊन पातळ होते. त्याच वेळी ते काढले तर तळाची घाण बाहेर येते. मग फिल्टर बदलून नवे ऑइल भरायचे, गोड्या पाण्यातच पाचेक मिनिटे इंजिन फिरवायचे आणि पातळी पाहून ठेवून द्यायचे. या फिरवण्याने नव्या ऑइलचा थर प्रत्येक भागावर चढतो. गिअरपेटीतले ऑइलही याच वेळी पाहावे. ते दुधाळ असेल तर खालचे सील गेलेले आहे आणि दुरुस्तीला हातात तीन महिने आहेत. इंजिन उभेच ठेवावे. छोटे इंजिन आडवे करण्याची वेळ आलीच, तर पुस्तिकेत दाखवलेल्या कुशीवरच करावे, अन्यथा ऑइल सिलिंडरमध्ये उतरते.

खरेदी करताना डब्याचे सील आणि उत्पादनाची तारीख पाहावी, पक्के बिल घ्यावे. हमीच्या मुदतीत इंजिन बिघडले तर ऑइलची बिले आणि तासांची नोंद हाच मालकाचा पुरावा असतो.

उरते ते जळके ऑइल. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवर ते परत गोळा करून पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारीही आली आहे. मालवणचा सागरी परिसर १९८७ पासून अभयारण्य आहे, तिथल्या प्रवाळांसाठी आणि माशांसाठीच पर्यटक येतात. ऑइल बदलताना होडीच्या तळात सांडलेला लिटरभर माल पहिल्या पावसाबरोबर त्याच पाण्यात जातो. नव्या ऑइलचा रिकामा झालेला डबा टाकून न देता जुने त्यातच भरावे, झाकण घट्ट लावून वर ठळक अक्षरांत ‘जळके’ असे लिहावे आणि गॅरेजमार्फत नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवावे. ‘जळके’ असे लिहायचे ते अशासाठी, की ऑगस्टमध्ये त्याच फळीवरचा तोच डबा नवा समजून कोणी पुन्हा इंजिनात ओतू नये.